नवा पीसी, एसएमपीएस आणि व्होल्टेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं नोकरी सांभाळून मी ओळखीपाळखीतल्यांचे पीसी असेंबल करून देतो. शनिवारी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात खरेदी, रविवारी जुळवाजुळव. सोमवारपासून फोन सुरू होतात आणि त्यातले निम्मे व्होल्टेजचेच असतात. तेच तेच विचारलं जातं म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. एका उत्तरात सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा सांगितलेलं नाही, प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पीसी पहिल्याच फटक्यात चालू झाला, विंडोज टाकून झालं. मग व्होल्टेज तपासायची गरजच काय?

चालू झाला म्हणजे एसएमपीएस (भिंतीतली वीज पीसीला लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये बदलून देणारा डबा) निदान मेलेला नाही, एवढंच कळलं. नुसतं डेस्कटॉप उघडून ठेवल्यावर पीसी फार वीज खात नाही आणि तेवढी सुमार एसएमपीएससुद्धा देतो. खरी परीक्षा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड एकदम जोर लावतात तेव्हा. शिवाय दुकानातून बदलून घ्यायची मुदत आठवडा-दहा दिवसांची असते. ती संपायच्या आत अर्धा तास घालवलेला बरा. नवा, चांगल्या कंपनीचा एसएमपीएस असेल तर बहुतेक वेळा काहीच निघत नाही. पण तेव्हाचे आकडे वहीत लिहून ठेवा. दोन वर्षांनी पीसी त्रास देऊ लागला की तुलनेला तेच उपयोगी पडतात.

२. एसएमपीएसमधून नेमके कोणते व्होल्टेज येतात आणि किती असायला हवेत?

मुख्य तीन : १२, ५ आणि ३.३ व्होल्ट. तिन्हींना वरखाली ५ टक्के चालतात. म्हणजे १२चा ११.४ ते १२.६, ५चा ४.७५ ते ५.२५ आणि ३.३चा साधारण ३.१४ ते ३.४७. चौथा स्टँडबायचा ५ व्होल्ट. पीसी बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत तो असतोच, मर्यादा तीच. पाचवा उणे १२. त्याला १० टक्क्यांची सूट आहे, पण आजच्या घरगुती पीसीत त्याला कुणी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. जुन्या पुस्तकांत उणे ५ सापडेल, तो केव्हाच रद्द झाला.

जीव गुंतवायचा तो १२ व्होल्टमध्ये. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही त्याच्यावरच जगतात. ५वर यूएसबी, एसएसडी आणि डीडीआर५ रॅम.

३. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा मदरबोर्डचा सेटिंगचा पडदा) किंवा एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये आकडे दिसतातच की. मल्टिमीटर कशाला?

ते आकडे एसएमपीएस सांगत नाही, मदरबोर्डवरची एक छोटी चिप सांगते. तिला १२ व्होल्ट थेट मोजता येत नाहीत. म्हणून दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज बारीक करून तिच्यापर्यंत पोचवतात आणि सॉफ्टवेअर त्याला गुणून परत मोठं करतं. ती चिप बहुधा ८ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी मोजते. त्याला बाराने गुणलं की पायरी झाली ०.०९६ व्होल्टची. म्हणून पडद्यावर १२.०००, १२.०९६, १२.१९२ असेच आकडे उड्या मारताना दिसतात, मधलं काही नाही. '१२.१९२वरून १२.०९६वर पडला, काहीतरी बिघडतंय' असा मेसेज मला आलेला आहे. काही बिघडत नव्हतं, एक पायरी खाली आला होता.

शिवाय बायॉसमध्ये बसून बघितलेला आकडा म्हणजे बिनलोडाचा, पीसीवर कामाचा ताण नसतानाचा आकडा. सॉफ्टवेअरचा खरा उपयोग कल बघायला : लोड आल्यावर आकडा किती खाली जातो. खुद्द आकडा हवा असेल तर मीटर.

४. सॉफ्टवेअर १२ व्होल्टच्या जागी ८ दाखवतंय. पीसी जळेल का हो?

१२ची लाइन खरंच ८वर आली असती तर हा मेसेज तुम्ही त्या पीसीवरून पाठवू शकला नसता. सॉफ्टवेअरला तुमच्या मदरबोर्डचा गुणाकार माहीत नाही, एवढंच. उणे १२च्या जागी भलताच आकडा, न जोडलेल्या इनपुटला काहीतरी अगम्य, हेही त्यातलंच. त्याच मदरबोर्ड कंपनीचं सॉफ्टवेअर किंवा बायॉस काय म्हणतं ते बघा. तिथे १२च्या आसपास असेल तर विषय मिटला. 'व्हीबॅट' नावाचा ३ व्होल्टचा आकडा मात्र खरा मानायला हरकत नाही. ती बोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी, एसएमपीएसशी तिचा संबंध नाही.

५. प्रोसेसरला १.३ व्होल्ट दिसतात आणि रॅमला १.३५. हे एसएमपीएसचे का?

नाही. ते मदरबोर्ड १२ किंवा ५ व्होल्टमधून स्वतः तयार करतो. डीडीआर५मध्ये तर रॅमच्या पट्टीवरच त्यासाठी चिप असते. ते कमीजास्त वाटले तर बायॉसची सेटिंग बघा, एसएमपीएसला बोल लावू नका.

६. मल्टिमीटर कोणता घेऊ? दोन-अडीचशेचा पिवळा चालेल का?

चालेल, एका अटीवर : आतली ९ व्होल्टची बॅटरी ताजी हवी. हे स्वस्त मीटर बॅटरी उतरू लागली की कमी नाही, जास्त दाखवतात. मी एकदा एका मित्राच्या घरी १२ची लाइन १३.४ मोजली, त्याला चांगलं घाबरवलं, एसएमपीएस काढून पिशवीत भरला. खाली उतरताना शंका आली म्हणून वाण्याकडून नवा पेन्सिल सेल घेतला आणि मोजला, तर तो १.८ भरला. नवा साधा सेल १.५ ते १.६च्या वर जात नाही. मीटरची बॅटरी बदलली आणि तोच एसएमपीएस १२.०५वर आला. तेव्हापासून मोजायला बसण्याआधी सेल मोजतो.

रेंज आपोआप बदलणारा मीटर घेतलात तर चूक कमी होते. साध्या मीटरवर नॉब डीसीच्या २० व्होल्टवर ठेवायचा. आणि लाल वायर कधीही १० अँपियरच्या भोकात नको. तिथे राहिली आणि तुम्ही व्होल्टेज मोजायला गेलात, तर मीटर म्हणजे सरळ एक तार होते आणि लाइन शॉर्ट होते. चांगला एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो. वाईटाची हमी नाही.

७. आता नेमकं कुठे टेकवायचं ते सांगा. हात थरथरतात.

थरथरत असतील तर २४ पिनच्या कनेक्टरपासून सुरुवात करू नका. एसएमपीएसला चार पिनांचा जुना पांढरा किंवा काळा मोलेक्स कनेक्टर असतो, आजकाल तो बहुधा रिकामाच लोंबकळत असतो. त्यात पिवळी वायर १२, लाल ५, मधल्या दोन काळ्या ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची बाजू. मीटरचा काळा प्रोब (टोकदार वायर) काळ्यात, लाल प्रोब पिवळ्यात, मग लालमध्ये. भोकं ऐसपैस आहेत, घसरायची भीती कमी.

त्यानंतर २४ पिन. तो मदरबोर्डात लावलेलाच ठेवायचा आणि पीसी चालू असताना मागच्या बाजूने, जिथून वायर आत शिरते तिथून, प्रोबचं टोक वायरीला समांतर आत सरकवायचं. धातू लागला की आकडा येतो. नारिंगी ३.३, लाल ५, पिवळी १२, जांभळी स्टँडबाय ५, निळी उणे १२, राखाडी म्हणजे 'सगळं ठीक आहे' असं एसएमपीएसने बोर्डाला सांगायचा सिग्नल. त्यावर साधारण ५ व्होल्ट दिसतात. काळा प्रोब हातात धरायची गरज नाही. मगरक्लिप लावून तो मोकळ्या मोलेक्सच्या काळ्या वायरीला किंवा कॅबिनेटच्या रंग नसलेल्या स्क्रूला अडकवा. एक हात मोकळा राहिला की निम्मी थरथर जाते.

प्रोबचं टोक लांबलचक असतं आणि शेजारच्या पिनला टेकायला टपलेलं असतं. त्यावर काळी टेप गुंडाळून पुढचे दोन-तीन मिलिमीटर तेवढे उघडे ठेवा. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. या बाजूला शॉक बसण्याइतकं व्होल्टेज नाही, पण १२ व्होल्टवर कडं आडवं पडलं तर भाजतं.

शेवटी प्रोसेसरजवळचा ८ पिनचा कनेक्टर, त्यात चार पिवळ्या आणि चार काळ्या. लोडखाली (प्रश्न १०) मोजायची सगळ्यात महत्त्वाची जागा हीच.

८. माझ्या एसएमपीएसच्या सगळ्या वायर काळ्या आहेत. रंग कुठून आणू?

मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणाऱ्या, एसएमपीएसमध्ये हल्ली असंच असतं. दिसतं देखणं, मोजणाऱ्याचे हाल. मदरबोर्डच्या पुस्तिकेत २४ पिनचं चित्र असतं, ते समोर ठेवा. शिवाय एक खूण आहे : खिट्टीच्या बाजूच्या रांगेत एक भोक रिकामं असतं, पूर्वी उणे ५ असायचे ते. त्या भोकाच्या एका अंगाला चारच पिना उरतात, त्यातल्या भोकाला लागून असलेल्या तीन ५ व्होल्टच्या आणि टोकाची ग्राउंड. दुसऱ्या अंगाला सात उरतात. तिकडच्या पहिल्या तीन ग्राउंड आणि त्यांना लागून चौथी ती रंगीत एसएमपीएसमधली हिरवी, म्हणजे चालू करायची वायर.

खात्री करायची तर एसएमपीएस भिंतीपासून सोडवून, थोडा वेळ थांबून, मीटर बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो ती खूण) ठेवा. ग्राउंडच्या पिना एसएमपीएसच्या पत्र्याशी बीप देतात.

९. हिरवी आणि काळी यूपिनने जोडून एसएमपीएस बाहेरच चालू केला. पंखा फिरला, १२.१ आले. म्हणजे पास ना?

नाही. बिनलोडावर जवळपास प्रत्येक एसएमपीएस पास होतो. ही युक्ती पीसी अजिबात चालू होत नसताना 'एसएमपीएस मेलाय का' एवढंच बघायला ठीक. आधी भिंतीवरचं बटण बंद, मग पिन लावायची, मग बटण चालू, हा क्रम पाळा. काही नव्या एसएमपीएसचा पंखा गरम झाल्याशिवाय फिरतच नाही, त्यामुळे पंखा थांबलेला दिसला म्हणून मयत घोषित करू नका, मीटर लावा. डिजिटल पडदा असलेले एसएमपीएस टेस्टर मिळतात, त्यांचीही हीच मर्यादा : ते लोड जवळजवळ टाकतच नाहीत.

१०. लोड देऊन मोजायचं म्हणजे काय करायचं, आणि किती पडलं तर चालेल?

पीसीला मुद्दाम राबवणारी सॉफ्टवेअर चालवायची : प्रोसेसरसाठी प्राइम९५, ग्राफिक कार्डासाठी फरमार्क. ओसीसीटीमध्ये दोघांना एकत्र राबवायची टेस्ट आहे, ती सोयीची. आधी काही न चालवता प्रश्न ७मधल्या सगळ्या जागांचे आकडे लिहा. मग टेस्ट लावा, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या आणि तेच पुन्हा मोजा. एसएमपीएस गरम झाल्यावरचा आकडा महत्त्वाचा आहे. मे महिन्यात, दुपारी, पंखा बंद करून मोजलंत तर उत्तमच. घरचे काय म्हणतील ते तुमचं तुम्ही बघा.

गेल्याच महिन्यात जोडलेल्या एका पीसीत २४ पिनवर १२.०८ होते, ते लोडखाली ११.९४ झाले. प्रोसेसरच्या कनेक्टरवर ११.८७. दोन जागांचे आकडे वेगळे का, असं मालकाने विचारलं. कारण केबल. १२ व्होल्टवर ३०० वॉट म्हणजे २५ अँपियर. वाटेत एक शतांश ओहमचा अडथळा असला तरी पाव व्होल्ट तिथेच खाल्ला जातो. म्हणून आधी कनेक्टर नीट बसलाय का ते बघायचं. खिट्टीचा 'टक' आवाज आलाच पाहिजे. समुद्राकडे तोंड असलेल्या घरांत पिनांवर हिरवट थरही धरतो. वरळीतल्या एका पीसीत केबल नुसती दोन-तीनदा काढून घातल्यावर हरवलेले ०.२ व्होल्ट परत आले होते.

मर्यादा ११.४ची असली तरी माझं मत विचाराल तर नव्या एसएमपीएसने लोडखाली ११.७च्या खाली जाऊ नये. ११.५ नियमात बसतो, पण पहिल्याच आठवड्यात जो काठावर उभा आहे तो तीन वर्षांनी कुठे असेल?

११. उलट झालं : लोड दिल्यावर व्होल्टेज वाढलं! १२.३वरून १२.४५.

स्वस्त आणि जुन्या घडणीच्या एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ एकाच दोरीने बांधलेले असतात. ५वर भार आला की तो सावरताना १२चं व्होल्टेज वाढतं आणि उलटही होतं. १२.६च्या आत असेल तर चालवा, पण ग्राफिक कार्डाला दोनशे वॉटवर काही लावायचा बेत असेल तर याच्यावर नको. नव्या घडणीत १२ मुख्य आणि त्यातूनच ५ व ३.३ वेगळे बनवतात, तिथे ही ओढाताण नसते. १२.६च्या वर टिकून राहिला तर मीटरची बॅटरी बघून (प्रश्न ६) सरळ बदलून मागा. नुसता १२.३ असेल तर काहीही करायचं नाही.

१२. सगळे आकडे चोख, तरी गेम खेळताना पीसी टपकन बंद होतो. मग?

मीटर एका सेकंदात दोन-तीनदा बघतो. ग्राफिक कार्ड एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळात दुपटीने ओढून मोकळं होतं. २०२२ साली आलेल्या, एसएमपीएससाठीच्या एटीएक्स ३.० या मापदंडात म्हणूनच एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता क्षमतेच्या दुप्पट भार सोसावा अशी अट घातली गेली. जुन्या पद्धतीचा किंवा जेमतेम क्षमतेचा निवडलेला एसएमपीएस अशा झटक्याला घाबरून स्वतःला बंद करतो. मीटरवर त्याचा मागमूस दिसत नाही. व्होल्टेजवरची बारीक लहर, रिपल म्हणतात ती, तीही मीटरला दिसत नाही. ती १२वर १२० मिलिव्होल्टच्या आणि ५ व ३.३वर ५० मिलिव्होल्टच्या आत हवी, पण ते बघायला ऑसिलोस्कोप लागतो.

घरी करता येण्याजोगं एवढंच : ग्राफिक कार्डाला दोन कनेक्टर असतील तर एकाच केबलची दोन टोकं न लावता दोन वेगळ्या केबल लावा, कार्डाची पॉवर लिमिट २० टक्के उतरवून बघा. बंद पडणं थांबलं तर संशय एसएमपीएसवर. निळा पडदा येऊन रीस्टार्ट होत असेल तर मात्र आधी रॅम बघा.

१३. पॉवरचं बटण दाबलं तर काहीच होत नाही. कुठून सुरू करू?

एसएमपीएसच्या मागचं बटण चालू आहे ना? हसू नका, विचारावं लागतं. मग जांभळी वायर मोजा : ५ व्होल्ट हवेत. नसतील तर एसएमपीएस किंवा भिंतीकडचा दोष. असतील तर हिरवीवर प्रोब ठेवून कुणाला तरी पॉवर बटण दाबायला सांगा. हिरवीवरचं व्होल्टेज शून्याजवळ आलं तर बटण आणि बोर्ड बोलतायत, एसएमपीएस ऐकत नाहीये किंवा पुढे कुठे शॉर्ट आहे. हिरवी हललीच नाही तर कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर चुकीच्या पिनांवर बसली आहे. नव्या असेंब्लीत दहातले सहा वेळा हेच निघतं.

१४. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. टेस्टरपण पेटतो. एसएमपीएस खराब?

मुंबईत हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. एसएमपीएस बहुधा ठणठणीत असतो, घराला अर्थिंग नसतं. आत येणारा गोंगाट गाळायला फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत दोन छोटे कपॅसिटर लावलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारी वीज जमिनीत जाते. नसेल तर पत्रा २३०च्या मधोमध, ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. करंट अगदी किरकोळ, पण अनवाणी पायाने ओल्या फरशीवर उभं राहून यूएसबी लावायला गेलात की कळतं.

जुन्या चाळींत दोन तारांचंच वायरिंग आहे, भिंतीवरचं तीन पिनांचं सॉकेट निव्वळ शोभेचं. नव्या इमारतीतही तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अ‍ॅडाप्टर लावून अर्थिंग घालवलेलं मी पाहिलंय. फेज आणि अर्थमध्ये २३०च्या जवळ आणि न्यूट्रल व अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट यायला हवेत. हे मोजणं वायरमनवर सोडा, इथे डीसीचा खेळ नाही. आणि वायरमनने 'अर्थ न्यूट्रललाच जोडून देतो साहेब' म्हटलं तर चहा पाजून रवाना करा. न्यूट्रल कुठे तुटला तर अख्खं कॅबिनेट २३०वर जाईल.

१५. आमच्याकडे भिंतीतच २१० येतात, कधी २४५. स्टॅबिलायझर लावू का?

पीसीसाठी नको. बरेचसे आजचे एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालतात, लेबलवर लिहिलेलं असतं. भिंतीतलं व्होल्टेज वरखाली झालं म्हणून १२ची लाइन हलत नाही. हलत असेल तर एसएमपीएसच कच्चा. वर सतत २५०च्या पुढे जात असेल तर मात्र बेस्ट, अदानी, टाटा, महावितरण, ज्यांचं बिल येतं त्यांच्याकडे तक्रार नोंदवा. मागच्या बाजूला ११५ आणि २३०चा लाल खटका असलेला जुना एसएमपीएस हाती आला तर तो २३०वर आहे ना, एवढं प्लग लावण्याआधी बघा. चुकून ११५वर राहिला तर आवाज पुढच्या खोलीत ऐकू येतो.

१६. जुन्या एसएमपीएसच्या मॉड्युलर केबल लांब आहेत. नव्याला त्याच लावल्या तर?

अजिबात नको. केबलचं पीसीकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडचं कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळं. प्लग मात्र बिनबोभाट बसतो. मग ५ व्होल्टच्या पिनवर १२ येतात आणि एसएसडी पहिल्या सेकंदात जाते, तुमच्या फोटोंसकट. मोह आवरत नसेल तर केबलला काहीही न जोडता, प्रश्न ९मधली युक्ती वापरून, मोकळ्या टोकावर मीटर लावून प्रत्येक पिन तपासा. त्याच धर्तीची दुसरी चूक : प्रोसेसरचा ८ पिन आणि ग्राफिक कार्डाचा ८ पिन. दिसायला भावंडं, पण १२ आणि ग्राउंड उलटे. खाचा जुळत नाहीत त्या याचसाठी. जोर लावून बसवू नका.

१७. एसएमपीएस उघडून आतला फ्यूज बघू?

नको. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते राहू शकतात. शिवाय फ्यूज उगाच जात नाही, त्याच्या मागे दुसरं काहीतरी गेलेलं असतं. वॉरंटीही जाते.

१८. दुकानदार म्हणतो, 'आमच्याकडे लावून बघितला, ओके आहे.' काय करू?

त्याच्याकडे तो बहुधा प्रश्न ९सारखा, बिनलोडाचा लावलेला असतो. माझ्यासोबत असं एकदा झालं. दोन फेऱ्या वाया गेल्यावर तिसऱ्यांदा मी फोनवर व्हिडिओ घेऊन गेलो : एका चौकटीत मीटर, मागे पडद्यावर चालू असलेली ओसीसीटी, १२ची लाइन ११.९वरून ११.२वर उतरताना, आणि सुरुवातीला त्याच मीटरने मोजलेला नवा सेल. काउंटरवरच्या पोऱ्याने आधी सेलकडे बघितलं, मग मीटरकडे, आणि आतून दुसरा डबा आणायला गेला.